कोपरापर्यंत दही

आमच्या घरात दह्याला हंगाम आहे. बाकी वर्षभर ते इतरांच्या घरी असतं तसंच असतं, भाताबरोबर आणि कोशिंबिरीत. पण जुलै संपायला आला की फ्रिजचे खालचे दोन कप्पे मी ताब्यात घेते आणि तिथे झाकणं लावलेली पातेली बसवते. सून पल्लवी सॅलडचा डबा हातात धरून जागा शोधत उभी राहते. "आई, ब्लूबेरी संपत आली वाटतं," म्हणते. पानं बघून ऋतू ओळखणारे लोक असतील. वेस्ट विंडसरमधल्या आमच्या घरात तो पातेली बघून ओळखतात.

यंदा पातेली जूनमध्येच बसली. झुडपांवरचं फळ नुकतं कुठे रंग धरत होतं. पल्लवीने काही विचारलं नाही. माझा चेहरा बघून गप्प बसण्याइतकी ती शहाणी आहे. मी तेवढी शहाणी कधीच नव्हते.

फोन डेलियाचा आला होता. "मिस सुमन, या वर्षी शेवटच्या दिवशी येऊ नका. पहिल्याच आठवड्यात या, शुक्रवारी."

"का गं?"

"आणि दही घेऊन या."

मी हवेची चौकशी केली. तिकडे पाऊस झाला का, असलं काहीतरी. तिच्या शाळेत दही फक्त शेवटच्या दिवशी देतात. पहिल्या आठवड्यात ते कुणी मागत नाही. हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे, आणि काहीतरी बिनसलंय हे मला कळलंय, हेही तिला ठाऊक होतं. तरी दोघी पावसावर बोललो.

ही शाळा न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला आहे. तिथली जमीन म्हणजे पांढरी वाळू, आणि नजर जाईल तिथवर पाइनची झाडं. मधूनच ब्लूबेरीची शेतं. शेताच्या कडेला लाकडी शेड, आणि शेडमध्ये शाळा. फळ पिकलं की उघडते, फळ संपलं की बंद होते. मुलं तोडणी करणाऱ्यांची. आईबाप फ्लोरिडात टोमॅटो काढतात, तिथून कॅरोलायनात येतात, मग इथे ब्लूबेरीला, इथली संपली की वर मेन राज्यात, तिथल्या ब्लूबेरीला. जसजशी ऊब उत्तरेला सरकते तसतशी ही माणसं सरकतात आणि गाडीच्या मागच्या सीटवर मुलं. एका वर्षात चार-चार शाळा, आणि प्रत्येक शाळेत पोचेपर्यंत तिथला अपूर्णांकाचा धडा होऊन गेलेला.

हंगामाबरोबर फिरणारी मुलं मला नवीन नव्हती. सांगलीत आमच्या शाळेमागेच ऊसतोडीची पालं पडायची. पण तेव्हा आमच्या सुमनबाई बी.एड.च्या पाठाची टाचणं काढण्यात इतक्या गर्क की खिडकी हवेसाठी असते, बघण्यासाठीही असते, हे त्यांच्या गावी नव्हतं.

या सुमनबाईंचं काय सांगावं! लग्न करून अमेरिकेत आल्या त्या सहा कडक इस्त्रीच्या सुती साड्या आणि एक गैरसमज घेऊन. गैरसमज हा, की आपण कुठेही गेलो तरी लोक आपल्याला बाई म्हणूनच ओळखतील. यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, पहिलं काम समुद्राकाठच्या जुगारखान्यांच्या कॉम्प्युटरवर होतं. सासूबाईंना आम्ही "हॉटेलचं काम" असं कळवलं होतं. घर स्वस्तात मिळालं ते आत, जंगलाच्या तोंडाशी. मैलोगणती मराठी माणूस नाही. माझ्या व्हिसावर श्वास घ्यायची परवानगी होती, पगार घ्यायची नव्हती. मी दिवसभर खिडकीतून पाइनची झाडं बघायची आणि मनातल्या मनात त्यांची हजेरी घ्यायची.

एकदा गावातल्या दुकानात चक्क भेंडी दिसली. मी आनंदाने एकेकीची शेंडी मोडून कोवळी-जून बघायला लागले. दुकानदार तांबडालाल. तेवढ्यात मागून एक उंच, उन्हाने रापलेली म्हातारी म्हणाली, "भाज्या मोडत नसतेस तेव्हा काय करतेस?"

मी ताठ होऊन सांगितलं, "मी शिक्षिका आहे. बी.एड."

"मग सोमवारी ये," ती म्हणाली, आणि मोडलेली सगळी भेंडी तिनेच घेतली.

त्या मिसेस हार्लन. शेत त्यांच्या नवऱ्याचं, शाळा त्यांची. त्यांच्या सासूच्या काळात शहरातून इटालियन कुटुंबं तोडणीला यायची, तेव्हा पाळणे झुडपांखालीच असायचे. पुढे दक्षिणेकडून काळी कुटुंबं आली, मग प्वेर्तो रिकोची, मग मेक्सिकोची, हैतीची, ग्वातेमालाची. माणसं बदलली, मुलं मात्र तशीच, उन्हात गाडीत झोपलेली. एका जुलैत एक पोर गाडीत तापून बेशुद्ध पडलं. ते वाचलं, पण मिसेस हार्लननी त्याच दुपारी खोक्यांच्या शेडमधली खोकी बाहेर फेकली. "नवऱ्याने विचारलं, आता खोकी कुठे ठेवायची? मी म्हटलं, तुझ्या पलंगावर." शाळेचा इतिहास म्हणतात तो एवढाच. याहून मोठी स्थापना मी कुठल्या शाळेची ऐकलेली नाही.

शेडच्या मधल्या खांबाला जांभळे ठसे आहेत. हंगामाच्या पहिल्या दिवशी मूल खांबाला पाठ लावून उभं राहतं आणि डोक्याच्या वर ब्लूबेरी चिरडून अंगठा उठवतात. या मुलांची उंची दुसरीकडे कुठेच कुणी नोंदत नाही. इतर घरांत दाराच्या चौकटीवर रेघा असतात, कारण ती चौकट पुढच्या वर्षीही तिथेच असते.

तर सोमवार. कडक साडी, घट्ट वेणी. सांगलीच्या रिवाजाप्रमाणे मी पहिल्यांदा नखं तपासली. मुलांना ओळीने हात पुढे करायला लावले आणि हादरलेच. एकूण एक बोट जांभळं! मी अर्धा तास बोलले. स्वच्छतेवर बोलले, शिस्तीवर बोलले, गळकं पेन वापरण्याच्या आळसावर तर फारच सुंदर बोलले. माझं इंग्रजी त्यांना समजत नव्हतं आणि त्यांचं स्पॅनिश मला, त्यामुळे भाषणात कुठे व्यत्यय आला नाही. शेवटी पहिल्या ओळीतली आठ वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, "मिस, ही शाई नाही. बेरी आहे."

ती डेलिया.

मागच्या बाकावरच्या एकीला इतकं हसू आलं की ती बाकाखाली गेली. मी तिला बाकाखालीच राहायची शिक्षा दिली, म्हणजे मलाही तिकडे बघावं लागणार नाही.

पुढचे आठवडे मला रंगावरून आठवतात. सकाळी शेडच्या फटींतून येणारं पिवळं ऊन, गरम लाकडाचा वास, दुपारी आईबाप आले की त्यांच्या शर्टांना फवारणीचा उग्र दर्प. मुलांच्या हातांवर फांद्यांचे ओरखडे आणि लाल पुरळ. आठवड्यातून एकदा नर्स यायची, प्रत्येकाच्या तळव्यावर पांढऱ्या मलमाचा गोळा ठेवायची, आणि मुलं तो कोपरापर्यंत चोळायची. मोठ्या बहिणी सकाळी शेतात, दुपारी शाळेत. अपूर्णांक शिकवताना त्या बसल्या बसल्या झोपायच्या. मी खडू आपटायची. आता त्या खडूचा आवाज आठवला की वाटतं, बाई, जरा हळू.

जुलैच्या शेवटी मुलं म्हणायला लागली, "मेनला जायचंय." मी सगळ्यांना निबंध दिला: 'माझी मेनची सहल'. समुद्र आणि बोटी काढल्या फळ्यावर. डेलियाने एकच ओळ लिहिली, की तिथलं झुडूप बुटकं असतं, त्यामुळे कंबर जास्त दुखते. मी तिला शुद्धलेखनाचे पूर्ण गुण दिले आणि त्या दिवशी लवकर घरी आले.

कुणी दूरच्या वाटेला निघालं की त्याच्या हातावर दही घालायचं, एवढं मला येत होतं. बाकी काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतंच. पण त्या गावातलं दही म्हणजे स्ट्रॉबेरीचं, गोड, गुलाबी. विरजण आणायचं कुठून? डेलियाच्या आईने आदल्या आठवड्यात मला मूठभर हिरव्या मिरच्या दिल्या होत्या, मजुरांच्या कॅम्पमधल्या खोलीबाहेर डब्यात लावलेल्या. मी त्यांचे देठ कोमट दुधात टाकले आणि सकाळी बघते तर काय, कवडी दही! त्याच दह्याचं विरजण आजतागायत माझ्या घरात आहे. पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमधून ते वेस्ट विंडसरला आलं, यांच्या आजारपणात शेजारणीने सांभाळलं. तेव्हा दही माझं असलं तरी मूळ कॅम्पचंच.

शेवटच्या दिवशी मुलं रांगेत. मी गंभीर चेहऱ्याने पहिल्या तळव्यावर चमचाभर दही ठेवलं. तळवा डेलियाचा. तिने दह्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे दुसऱ्या हाताने ते कोपरापर्यंत चोळलं. मग दुसरा हात. "थंड आहे," ती मागच्यांना म्हणाली. "नर्सच्या मलमापेक्षा चांगलं." झालं. रांगेतल्या सगळ्यांनी हात चोळले. मी चमचा घेऊन ओरडते आहे, "खायचं! अरे, खायचं!" आणि माझ्यासमोर ते अख्खं पोरसवदा सैन्य कोपरापर्यंत पांढरं होऊन उभं. मिसेस हार्लन खोक्यावर बसून डोळे पुसत होत्या. हसून की कशाने, ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी पिस्कॅटवेला होते. मिसेस हार्लनचा फोन आला. "मुलं विचारतायत, मलमवाली कधी येणार?" तेव्हापासून दर जुलैला जाते. दर वर्षी सांगते, हे खायचं असतं. दर वर्षी मुलं मान डोलावतात आणि हात चोळतात. जुनी मुलं नव्यांना दाखवतात, कसं चोळायचं ते. माझं बी.एड. तिथे चाळीस वर्षं नापास होत आलं आहे.

मिसेस हार्लन गेल्या. डेलिया शिकली, कशी ते तिचं तिला माहीत, आणि शिक्षिका होऊन त्याच शेडमध्ये परत आली. हिवाळ्यात दुसऱ्या शाळेत शिकवते, उन्हाळ्यात पिवळी जुनी बस स्वतः चालवून कॅम्पांमधून मुलं गोळा करते. एकदा मी विचारलं, "इतक्या शाळा केल्यास, मग हीच का गं?" ती म्हणाली, "बाकी सगळीकडे मी नवी मुलगी होते, मिस सुमन. इथे मी परत आलेली मुलगी होते."

शुक्रवारी मुलगा निखिलने मला सोडलं. बरोबर नात मीरा, तेरा वर्षांची. पातेलं तिच्या मांडीवर. "आजी, व्हाय डोन्ट यू जस्ट टेल देम? इट्स फूड," ती दर वर्षीसारखं म्हणाली. मी म्हटलं, "तू सांग. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

शेडमध्ये बाकं पुसलेली होती. खांबाजवळ वाटीभर ब्लूबेरी, ठशांसाठी. सोमवारपासून त्याच ठेवलेल्या, सुरकुतलेल्या. एकही मूल नव्हतं.

डेलियाने बसच्या पायरीवर बसून सांगितलं. वसंतात गावातल्या लाँड्रीबाहेरून एका बापाला, कागदपत्रं नाहीत म्हणून, इमिग्रेशनवाल्यांनी गाडीत घालून नेलं, ओले कपडे मशीनमध्येच राहिले. तेव्हापासून कॅम्पमध्ये मुलं बाहेर खेळत नाहीत. आईबाप तोडणीला जातात, फळ थांबत नाही ना. पण पोरांना कुलूपबंद ठेवतात. पिवळी बस म्हणजे रोज ठरल्या वेळी, ठरल्या रस्त्याने जाणारी, पोरांनी भरलेली गाडी. तिच्यात कोण बसवेल? आणि मिसेस हार्लनच्या नातवाला शेड हवी आहे, फळ थंड ठेवण्यासाठी. तो वाईट नाही. म्हणाला, पहिल्या आठवड्यात मुलं आली तर शाळा राहील, रिकामी शेड मात्र मला परवडत नाही.

"आज शुक्रवार," डेलिया म्हणाली.

"मग चल," मी म्हटलं. "बस काढ."

पूर्वी कॅम्पच्या तोंडाशी ती हॉर्न वाजवायची आणि पोरं धावत यायची. यंदा वाजवत नाही. हॉर्न ऐकला की आतले टीव्ही बंद होतात. "तुम्ही जा, मिस सुमन. साडीतल्या म्हातारीला कोण घाबरणार?" मी मुद्दाम सुती साडी नेसले होते. त्या पहिल्या सोमवारी जिला बघून पोरं दबकली होती, त्याच जातीची. मी आणि मीरा दारं ठोकत गेलो. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या बसक्या खोल्या, खिडक्यांना आतून ब्लँकेटं. भर सकाळी कॅम्पमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. एका दारामागे लहान मुलाचा खोकला आला आणि कुणीतरी तो हाताने दाबला. मीराने माझं मनगट धरलं. "आजी, दे आर नॉट कमिंग, राइट?"

मी पुढचं दार ठोकलं.

दुसऱ्या कॅम्पमध्ये शेवटचं दार वीतभर उघडलं. पंचेचाळिशीतली बाई, डोक्याला रुमाल, बोटं जांभळी. तिने साडी बघितली, पातेलं बघितलं, मग बराच वेळ माझं तोंड बघितलं.

"शाईवरून ओरडलेल्या तुम्हीच ना?" ती म्हणाली.

बाकाखालची! तिचं नाव लूपे हे मला तिने सांगितल्यावर आठवलं, पण हसू आधी आठवलं. ती आता हसली नाही.

"मुलगी आहे का तुला?" मी विचारलं. "शाळा उघडी आहे. डेलिया आहे बसमध्ये. तुझी डेलिया."

"माहीत आहे. रोज पडद्यातून बस बघते." तिने दार थोडं ओढून घेतलं. "नाही पाठवू शकत, मायेस्त्रा." तिच्या भाषेत बाईंना मायेस्त्रा म्हणतात. "दुपारी निघतोय आम्ही. मेनला."

"आत्ता? तिथे फळ हिरवं असेल."

"असू दे हिरवं."

इतकं बोलून ती दार लावणार, असं मला वाटलं. त्याऐवजी तिने फटीतून हात बाहेर काढला, तळवा वर. मी दही घातलं. तिने ते सवयीने कोपरापर्यंत चोळलं आणि मागे वळून काही म्हणाली. तिच्या कमरेजवळून दुसरा हात आला, सहा-सात वर्षांचा. त्या हाताच्या बोटांना जांभळं लागलेलं नव्हतं. शेतातसुद्धा नेली नव्हती तिला. मी चमच्याच्या टोकाने थोडंसं ठेवलं.

पोरीने ते चाटलं.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा! मीराच्या तोंडून "येस!" निघालं. पण लूपेने मुलीच्या हातावर हलकी चापट मारली. "नाही, नाही. खायचं नसतं ते. असं करायचं," आणि आपला हात पुढे धरून दाखवायला लागली. मुलीने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाईंनी सांगावं, खरं काय ते. मीराही माझ्याकडेच बघत होती.

मी आणखी एक चमचा तिच्या तळव्यावर ठेवला. "आई सांगते तसं कर," मी म्हटलं.

तिने कोपरापर्यंत चोळलं. दोन्ही हात. मग दार लागलं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

बसमध्ये चढलो तेव्हा डेलियाने मागे न बघता विचारलं, "कुणी?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "लूपे आहे शेवटच्या खोलीत. दुपारी निघतायत."

डेलियाने इंजिन बंद केलं. समोरच्या काचेतून शेत दिसत होतं, लांबच्या लांब झुडपांच्या ओळी, त्यात वाकलेल्या पाठी. फळाने लगडलेलं वर्ष होतं. मागे रिकाम्या सीटांवर ऊन पडलं होतं. मीरा पातेलं मांडीवर घेऊन बसली.

मग डेलियाने स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलला आणि मान न वळवता मागे धरला, तळवा वर.

"अगं, पहिलाच आठवडा आहे," मी म्हटलं. "शेवटच्या दिवशी देतात ते. तुला माहीत आहे ना, डेलिया? शेवटच्या दिवशी."

हात तिथेच राहिला. मी मीराकडून पातेलं घेतलं. दही जास्तच पडलं.

तिने बाही वर सारली.